एकच आरसीसीबी की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ?

डीबी (घरातली वीज सर्किटांत वाटणारी पेटी) नव्याने बसवताना सगळ्या घराला मिळून एक आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला, म्हणजे गळती झाली, की वीज तोडणारा स्विच) आणि त्यापुढे साधे एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास एकेक सर्किट तोडणारे खटके) लावावेत, की प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (ही दोन्ही कामे एकत्र करणारा खटका) घ्यावा, हे ठरवावेच लागते. मी दोन्ही मांडण्या वापरल्या आहेत. ३० मिलिअँपिअर गळतीची मर्यादा असलेली उपकरणे घेतली तर शॉकपासून मिळणारे संरक्षण दोन्हींत सारखेच, त्यामुळे निर्णय सुरक्षिततेवर अडत नाही. तो अडतो खटका पडल्यानंतर काय करावे लागते यावर.

एमसीबी पडला तर दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे हे तोच सांगतो. जास्त भारामुळे पडला असेल तर आतली द्विधातू पट्टी थंड होईपर्यंत तो वर टिकत नाही. शॉर्ट सर्किट असेल तर वर करताक्षणी पुन्हा पडतो. सामाईक आरसीसीबी मात्र पडतो तेव्हा सगळे घर अंधारात जाते आणि दोष कुठला याचा पत्ता लागत नाही. सगळे एमसीबी खाली करून, आरसीसीबी वर करून, मग एकेक सर्किट चालू करत जाण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. फेजची (वीज आणणाऱ्या तारेची) गळती असेल तर ती कामी येते. न्यूट्रल (प्रवाहाची परतीची तार) कुठेतरी अर्थिंगच्या तारेला टेकलेली असेल, तर तीच पद्धत दिशाभूल करते, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. माझ्याकडे स्वयंपाकघराचा एमसीबी वर केला की आरसीसीबी पडे, म्हणून तिथले प्रत्येक उपकरण तपासून झाले. प्रत्यक्षात बाहेरच्या दिव्याच्या जोडणीत पाणी शिरून तिथली न्यूट्रल अर्थिंगला लागलेली होती, आणि स्वयंपाकघरातला भार सुरू झाला की परतीच्या प्रवाहातला थोडा हिस्सा त्या वाटेने निसटत होता. दिव्याचा एमसीबी तर सारा वेळ बंदच होता! आरसीबीओ असता तर दिव्याचाच पडला असता आणि बाकीचे घर चालू राहिले असते.

दुसरा मुद्दा लहान आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि संगणक, वॉशिंग मशीन, गीझर यांची किरकोळ गळती एकाच ठिकाणी साचत जाते. विनाकारण वाटणाऱ्या काही ट्रिपिंगचे मूळ इथे असावे, असा माझा अंदाज आहे; आरसीबीओंमध्ये ही गळती विभागली जाते.

आरसीबीओच्या बाजूने सगळेच गोड आहे असे नाही. खर्च वाढतो, आणि भारामुळे पडला की गळतीमुळे हे एकाच दट्ट्यावरून बहुधा कळत नाही. खरी अट न्यूट्रलची आहे: प्रत्येक सर्किटची न्यूट्रल स्वतंत्र हवी. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांच्या न्यूट्रल जंक्शन बॉक्समध्ये एकत्र बांधलेल्या असतील, तर आरसीबीओ कोणताही दोष नसताना, भार येताच पडत राहील. त्या वेगळ्या करणे शक्यच नसेल तर सामाईक आरसीसीबीच बरा, हे मान्य करावे लागते.

मात्र वायरिंग नवे असेल तर मी, शक्य असल्यास, न्यूट्रलही तोडणारे डबल पोल आरसीबीओच घेईन. सगळीकडे परवडत नसतील तर निदान गीझर, स्वयंपाकघर आणि बाहेरचे पॉइंट यांना तरी ते द्यावेत, आणि त्यांची जोडणी सामाईक आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यावी.