निळा रंग बघून टाकीचे फिटिंग घेतले आणि फसलो

घरी विमान बांधणाऱ्यांनी, आणि खासकरून पहिल्यांदाच फ्युएल टाकीला हात घालणार असाल तर, हे नक्की वाचा. माझी एक टाकी गेलीये.

दोन विंग टँक, दोन्हीला एएन फिटिंग (विमानाच्या पाइपांचे ठरावीक मापाचे जोड, अॅल्युमिनियमचे असले की सहसा निळे) बसवायचे होते, म्हणजे एका बाजूला पाइपचं पसरवलेलं तोंड बसायला 37 डिग्रीचा उतार (फ्लेअर) आणि दुसऱ्या बाजूला पाव इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते (टेपर) आटे. ऑनलाइन एक जण भेटला, फोनवर अर्धा तास विमानांवरच बोलला, सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, म्हणाला पैसे थेट ट्रान्सफर करा म्हणजे मधलं कमिशन वाचेल. मी केले. पाकिटं आली, मस्त निळे चकचकीत फिटिंग. सर्टिफिकेटवरचा लॉट नंबर (माल कोणत्या खेपेतला ते सांगणारा) एकाही पाकिटावर नव्हता, ते मी तेव्हा बघितलंच नाही, चूक माझी.

बसवताना तीन आटे सहज गेले आणि मग एकदम जड लागायला लागलं. टेपर आहे, जड जाणारच, असं मनाला समजावलं. सीलंट पेस्ट नीट लावली होती, पुढचे दोन आटे कोरे सोडून, म्हणजे आत टाकीत काही पडायला नको. मग टेस्ट. सगळी तोंडं बंद केली, व्हेंटला (टाकीच्या हवेच्या नळीला) फुगा लावला आणि तोंडाने हवा भरली (कॉम्प्रेसर थेट लावू नका हो, एक पीएसआय दाब पण खूप होतो, टाकी फुगून वाट लागते). सकाळी फुगा मलूल. थंडीने पण बसतो म्हणून आधी दुर्लक्ष केलं, मग साबणाचं पाणी लावलं तर फिटिंगच्या बुडाशी बारीक बारीक बुडबुडे, एका कडेने निघून हळूहळू गोल फिरत येणारे.

मला वाटलं माझंच काम कच्चं. काढलं, पुसलं, परत लावलं, असं तीनदा. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, टेफ्लॉन टेप गुंडाळा ना दोन वेढे जास्त! अरे बाबा, त्या टेपचा तुकडा सुटून फिल्टरमध्ये नाहीतर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकला तर इंजिन हवेत बंद पडेल, हे विमानाचा माल विकणाऱ्याला माहीत नाही? तिथेच शंका यायला हवी होती. त्याऐवजी मी पाना अजून पाव वेढा दाबला आणि टाकीच्या बॉसला (फिटिंग ज्यात बसतं त्या जाड आट्यांच्या भागाला) तडा गेला. केसाएवढा. टेपर आटे पाचरीसारखं काम करतात, जोर लावला की बाहेरचा भाग फाकतो, हे वाचलेलं होतं, तरी केलं.

शेवटी एक जुने मेकॅनिक काका आले, त्यांनी खिशातून थ्रेड गेज, म्हणजे आटे तपासायची पानं, काढला. इंचाला 18 आट्यांचं, म्हणजे पाव इंची एनपीटीचं, पान लावलं तर उजेड दिसला, 19 चं लावलं तर खटकन बसलं. म्हणजे ते एनपीटी नव्हतेच, बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे होते, आट्यांचा कोन पण 60 डिग्रीच्या जागी 55 चा, मग सीलंट कितीही थापा, आट्यांमधून गोल वाट राहणारच. फ्लेअरची बाजू तपासली तर ती 45 डिग्री, गाड्यांसारखी. निळा रंग कोणीही चढवू शकतो, काका एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला तुम्ही जास्त आवळलं, वापरलेला माल परत नाही, मग ब्लॉक. चार दिवसांनी तोच माल दुसऱ्या नावाने दिसला, फोटोपण तोच, एल्बोवरचा (वाकड्या फिटिंगवरचा) तो आडवा ओरखडासुद्धा तोच. तक्रार केलीये, पैसे थेट पाठवल्यामुळे साइट हात वर करते.

नवीन फिटिंग आता गेज लावल्याशिवाय पाकिटातून डब्यात जात नाहीत. जुन्यातले दोन पुराव्यासाठी ठेवलेत, बाकीचे हॅकसॉने मधोमध कापले, चुकून दुसऱ्या कोणाच्या टाकीत जायला नकोत.