दमट हवेत 'थ्रिलर'ची एलपी : मालवणात पावसाळाभर वापरल्यानंतर

पावसाच्या तोंडावर मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर' अल्बमची नव्याने छापलेली एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घेतली, आता थंडी पडायला लागलीय. गाणी फोनवर ऐकून पाठच होती. तरी रेकॉर्ड घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम हो आहे, आणि ते यातल्या बाससाठी, म्हणजे खालच्या भरदार सुरांसाठी.

त्याला कारण आहे. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत अल्बम पुरा झाला, तेव्हा एकेका बाजूवर इतका वेळ कोंबला होता की खाचा बारीक पडून आवाजातला जीवच गेला. ते ऐकून मायकेल जॅक्सनला रडू कोसळलं. मग निर्माता क्विन्सी जोन्सने गाणी छाटली, 'द लेडी इन माय लाइफ'चं एक कडवं काढलं आणि एकेक गाणं पुन्हा मिक्स झालं, म्हणजे त्यातले आवाज नव्याने जुळवले गेले. म्हणजे तबकडीवर किती मावतं, यावरच हा अल्बम घडला.

'बिली जीन'ची लांबलेली सुरुवात मात्र मायकेलने कापू दिली नाही. तिथेच नाचावंसं वाटतं, हे त्याचं म्हणणं. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियनने या गाण्याची ९१ मिक्स केली आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचं घेतलं! गणपतीत शेजारचे काका आले होते. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यांत, पखवाज वाजवणारा माणूस. नुसता ड्रम सुरू झाला तशी त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. "ठेको जराय हलना नाय रे," म्हणाले, आणि सुई परत मागे ठेवायला लावली.

यातलं 'द गर्ल इज माइन' हे गाणं मला आजही पुचाट वाटतं.

त्रास आहे तो हवेचा. श्रावणात कव्हरच्या कडेला बुरशीचे ठिपके आले, आतला कागद रेकॉर्डला चिकटायला लागला. कागद काढून प्लास्टिकची पिशवी घातली, कपाटात सिलिका जेल ठेवलं. त्यानंतर खरखर वाढलेली नाही.

३७ आठवडे अमेरिकेत पहिला क्रमांक, १९८४ साली ८ ग्रॅमी पुरस्कार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एमटीव्ही या अमेरिकेतल्या संगीत वाहिनीवर तेव्हा कृष्णवर्णीय गायक क्वचितच दिसायचे. 'बिली जीन'च्या व्हिडिओने ते दार उघडलं, हे मला जास्त मोठं वाटतं. आमच्या घरात मायकेल आला मामाच्या कॅसेटमधून. १९९६ मध्ये तो अंधेरीत कार्यक्रमाला आला, तेव्हा मुंबईतल्या चाकरमान्यांकडून वाडीत आठवडाभर तेवढ्याच बातम्या येत होत्या.

किनाऱ्यावर राहत असाल तर रेकॉर्डबरोबरच प्लास्टिकच्या पिशव्या मागवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. ओल तिथूनच येते.