छोटी टेक कंपनी: एसएमई बोर्डावर घ्यावी की मुख्य बाजारात?

ड्रोन, क्लाउड, सायबर सुरक्षा, सरकारी कंत्राटांवर चालणारी आयटी सेवा अशा धंद्यातली शे-दोनशे कोटी बाजारमूल्याची एखादी कंपनी हेरायची, दोन-चार वर्षं तिच्या मागावर राहायचं आणि हळूहळू शेअर जमवायचे, असा बेत असेल तर कंपनी निवडण्याआधी बोर्डाचा, म्हणजे ती बाजाराच्या कोणत्या विभागात नोंदली आहे याचा, विचार करावा लागतो. बीएसईचा एसएमई मंच (लहान-मध्यम कंपन्यांसाठीचा वेगळा बोर्ड) मार्च २०१२ मध्ये सुरू झाला, एनएसईचा इमर्ज त्याच वर्षी सप्टेंबरात. अशा कंपन्या तिथे ढिगाने आहेत, आणि मुख्य बाजाराच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, तळाशीही आहेत. मी दोन्हीकडे व्यवहार केले आहेत. आता माझी बहुतेक खरेदी मुख्य बाजारात होते, पण एसएमईची बाजू कमकुवत आहे असं मुळीच नाही.

आधी तीच बाजू पाहू. एसएमई बोर्डावर येताना कंपनीचं भरणा झालेलं भांडवल २५ कोटींच्या आत असतं, त्यामुळे कंपनी खऱ्या अर्थाने लहान असतानाच हाती लागते. ईटूई नेटवर्क्स या क्लाउड कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मे २०१८ मध्ये इमर्जवर ५७ रुपयांना इश्यू आला, लॉट (एका वेळी घ्यावा-विकावा लागणारा गठ्ठा) २,००० शेअरचा, म्हणजे १,१४,००० रुपये. नंतर कंपनी मुख्य बोर्डावर गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एलअँडटीने ३,६२२.२५ रुपये भावाने कंपनीकडून थेट नवे शेअर (प्रेफरेन्शियल इश्यू) घेत १,०७९ कोटी रुपये गुंतवायचं ठरवलं. मुख्य बोर्डाची वाट पाहत बसलेल्यांचा पहिला टप्पा हुकला, हे मान्य करायलाच हवं.

एसएमईची दुसरी जमेची बाजू म्हणजे ताजं माहितीपत्रक. तीन वर्षांचे हिशेब, ग्राहकांची यादी, प्रवर्तकांच्या इतर कंपन्या, पैसे कशासाठी हवेत याचा तपशील, हे सगळं एकाच कागदात मिळतं. मुख्य बाजाराच्या तळाशी मात्र अनेकदा जुनी, बंद पडत आलेली कंपनी असते. ती वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वाटते, नवे प्रवर्तक आणते आणि नावात 'टेक' किंवा 'एआय' लावते. नाव बदलायला सेबीची अट आहे: आधीच्या वर्षातला निम्मा महसूल नव्या धंद्यातून आलेला असावा, किंवा निम्मी मालमत्ता त्यात गुंतवलेली असावी. तरी वॉरंटवर लक्ष ठेवाच. वॉरंट घेणाऱ्याने २५ टक्के आधी भरायचे असतात आणि उरलेले १८ महिन्यांत. मुदतीत उरलेले पैसे आले नाहीत आणि वॉरंट रद्द झाले, तर ज्यांना आतली माहिती सर्वांत जास्त होती त्यांनीच २५ टक्क्यांवर पाणी सोडलं असा त्याचा अर्थ लावावा.

माहितीपत्रक आहे म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीज ही नोएडाची कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये ४४.८७ कोटींचा इश्यू घेऊन बीएसई एसएमईवर आली. ६६ ते ७० रुपयांचा पट्टा होता आणि मागणी सुमारे ३४५ पट आली. इश्यूतले १७.७० कोटी सॉफ्टवेअर खरेदीला जाणार होते, आणि ज्या विक्रेत्याकडून ते घ्यायचं होतं त्याच्याबद्दलच प्रश्न उभे राहिले. नोंदणी थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचा आदेश दिला. शेकडो पटींच्या मागणीने तपासणी होत नाही, हे यातून ध्यानात घ्यावं. माहितीपत्रकातलं 'पैशांचा विनियोग' हे प्रकरण आधी वाचा. मोठी रक्कम एकाच विक्रेत्याच्या कोटेशनवर उभी असेल तर त्या विक्रेत्याची स्थापना कधीची, उलाढाल किती, संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत कळतं.

आता पाठपुरावा. एसएमई कंपनीला नियमाने सहामाही निकाल द्यावे लागतात, सप्टेंबरचे १४ नोव्हेंबरपर्यंत आणि मार्चचे ३० मेपर्यंत. मुख्य बोर्डावर ऑगस्ट आणि फेब्रुवारीतले दोन जादा मिळतात. काही एसएमई कंपन्या स्वखुशीने तिमाही आकडे देतात, ती चांगली खूण समजावी. पण तिमाही निकालांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. जून आणि डिसेंबरच्या निकालांत फक्त नफा-तोटा असतो. ताळेबंद आणि रोखप्रवाह मुख्य बोर्डावरही सक्तीने वर्षातून दोनदाच येतात. छोट्या टेक कंपनीचं दुखणं नफा-तोट्यात क्वचितच आधी दिसतं, ते ताळेबंदात दिसतं. त्यामुळे माहितीच्या बाबतीत दोन बोर्डांमधलं अंतर वाटतं तितकं मोठं नाही.

ताळेबंदात काय पाहायचं? सगळ्यात आधी येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे राहिलेले पैसे. सहामाहीची विक्री ३० कोटी आणि सहामाहीअखेर येणी २८ कोटी असतील, तर २८ भागिले ३० गुणिले १८२, म्हणजे सुमारे १७० दिवस. गेल्या सहामाहीत हाच आकडा १२० असेल तर वाढलेली विक्री कागदावर आहे, बँकेत नाही. सरकारी कंत्राटांत पैसे उशिरा येतात हे खरं, पण तेव्हा किती येणी सहा महिन्यांहून जुनी आहेत ते वार्षिक अहवालातल्या वयोमानाच्या तक्त्यात पाहावं. दुसरी ओळ 'विकासाधीन अमूर्त मालमत्ता'. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंजिनिअरांचे ४ कोटींचे पगार खर्चात न टाकता इथे टाकले की नफा ४ कोटींनी फुगतो. रोखप्रवाहात मात्र ही रक्कम गुंतवणुकीच्या भागात बाहेर गेलेली दिसते. कामकाजातून आलेल्या रोखीतून ती वजा करून मगच कंपनी पैसे कमावते का ते ठरवा.

इथे एसएमईचा एक बारीक तोटा आहे. एसएमई बोर्डावरच्या कंपन्यांना इंड-एएस (नवी भारतीय लेखामानकं) लागू नाही, त्या जुन्या लेखामानकांवर चालतात. इंड-एएसमध्ये येणी बुडण्याची शक्यता धरून आधीच तरतूद करावी लागते, जुन्या मानकांत तशी सक्ती नाही. कंपनी मुख्य बोर्डावर आली की आकडे नव्याने मांडले जातात, आणि जुनी येणी असलेल्या कंपनीचे आकडे तेव्हा अचानक उतरू शकतात. त्याला धंदा बिघडला असं समजायचं कारण नाही. खरी स्थिती आधीपासूनच तशी होती.

इथपर्यंत पारडं जवळपास समसमान आहे. माझ्यापुरता निकाल लागला तो लॉटवर.

लॉट म्हणजे सुरुवातीला जास्त पैसे लागतात एवढंच बहुतेकांना वाटतं. २०२५ च्या बदलांनंतर इश्यूत किमान दोन लॉट आणि दोन लाखांहून अधिकचा अर्ज लागतो, त्यामुळे ती चर्चा होतेच. खरा त्रास नोंदणीनंतर सुरू होतो. ९० ते १२० रुपयांच्या पट्ट्यात नेहमीचा लॉट १,२०० शेअरचा. ११० रुपये भावाने एक लॉट १,३२,००० रुपयांचा झाला. नोव्हेंबरात निकाल आला. विक्री चांगली, पण येणी १२० दिवसांवरून १९० वर गेली. ही बातमी सगळं विकून टाकायची नाही. निम्मं विकून पुढच्या ताळेबंदाची वाट पाहायची ही बातमी आहे. मुख्य बोर्डावर १,२०० पैकी ६०० शेअर त्याच दिवशी विकता येतात. एसएमईवर एकच लॉट असेल तर पूर्ण विका नाहीतर पूर्ण ठेवा. अशा वेळी माणूस ठेवतो, आणि पुढचे आकडे यायला ३० मे उजाडतो.

निम्मं विकण्याची सोय हवी तर दोन लॉट हवेत, म्हणजे २,६४,०००. चार टप्प्यांत खरेदी-विक्री करायची तर ५,२८,०००. अशा जोखमीच्या एका कंपनीत एकूण शेअर गुंतवणुकीच्या ३ टक्क्यांहून जास्त नको असं मी मानतो. त्या हिशेबाने एका लॉटसाठी गुंतवणूक ४४ लाखांची हवी, आणि चार लॉटसाठी १ कोटी ७६ लाखांची. तेच मुख्य बोर्डावर दहा लाखांच्या गुंतवणुकीचे ३ टक्के म्हणजे ३०,००० रुपये, ११० रुपयांनी २७२ शेअर. ६८-६८ चे चार हप्ते करून प्रत्येक निकालानंतर एक हप्ता घेता येतो. जोखमीच्या कंपनीत आपल्या हातात एवढंच असतं: माहिती जशी येईल तशी संख्या कमी-जास्त करणं. लॉट नेमकं तेच काढून घेतो.

भाव चढला तर लॉट लहान होऊ शकतो. बाजार दर सहा महिन्यांनी किंवा गरजेप्रमाणे लॉटचा फेरविचार करतात आणि निदान महिनाभर आधी सूचना देतात. ४४० रुपयांना लॉट ३०० चा झाला की तुमच्या १,२०० शेअरचे चार लॉट होतात. हा सुखाचा भाग. भाव ५५ वर आला आणि लॉट २,००० चा झाला, तर १,२०० शेअर लॉटखाली राहतात. सुटी संख्या शक्यतो उरू नये असं नियम सांगतो, आणि एक लाखाखालची संपूर्ण धारणा मार्केट मेकरने (शेअरला सतत खरेदी-विक्रीचे भाव लावायला नेमलेल्या दलालाने) एकगठ्ठा विकत घ्यायची असते. तिथेही पुन्हा 'संपूर्ण' हाच शब्द आहे. शिवाय मार्केट मेकरची सक्ती नोंदणीपासून तीन वर्षांची, आणि दिवसातला ७५ टक्के वेळ त्याने दोन्ही भाव लावायचे. सगळेच विकायला निघाले आणि त्याच्याकडे ठरावीक साठा जमला (२० कोटींपर्यंतच्या इश्यूत २५ टक्के) की त्याला खरेदीचा भाव न लावण्याची मुभा मिळते. ज्या दिवशी त्याची गरज लागते, नेमका त्याच दिवशी तो बाजूला होऊ शकतो.

मुख्य बोर्डाचेही काटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. छोट्या कंपनीला खालचं सर्किट (एका दिवसातल्या घसरणीची मर्यादा) लागलं की इथेही घेणारा नसतो. ५ टक्क्यांची चार सर्किटं लागली की ११० चा शेअर ९० च्या खाली येतो. जून २०२३ पासून ईएसएम ही जादा देखरेख आली, आधी ५०० कोटींखालच्या आणि नंतर १,००० कोटींखालच्या कंपन्यांसाठी. पहिल्या पायरीत डिलिव्हरी सक्तीची (घेतलेले शेअर त्याच दिवशी विकून सौदा मिटवता येत नाही) आणि दिवसाच्या चढउताराचा पट्टा ५ टक्क्यांचा, दुसरीत २ टक्क्यांचा. दोन टक्क्यांनी रोज घसरत शेअर जवळपास २० टक्के खाली यायला अकरा दिवस लागतात, आणि ते अकराही दिवस तुम्ही रांगेत उभे असता. पण रांगेत ६८ शेअरचा नंबर लागायला एखादा किरकोळ घेणारा पुरतो, १,२०० च्या लॉटला अख्खा लॉट घेणारा लागतो.

म्हणून मुख्य बोर्डावर घेताना रोजची डिलिव्हरी पाहूनच संख्या ठरवावी. वीस दिवसांची सरासरी डिलिव्हरी १५,००० शेअर असेल तर दिवसाला १,५०० हून जास्त विकायची वेळ येणार नाही इतकंच जमवावं, आणि सगळी धारणा पाच-सहा दिवसांत मोकळी करता यावी. ऑर्डर कायम मर्यादित भावाची. पातळ शेअरमध्ये बाजारभावाची ऑर्डर दोन-तीन टक्के सहज खाऊन जाते.

तरी एसएमईच घ्यायचा असेल, आणि काहींसाठी तो रास्त निर्णय असू शकतो, तर एक लॉट एकूण गुंतवणुकीच्या तीन टक्क्यांत बसतो का ते आधी बघा. एनएसईवर एसएम आणि एसटी या मालिकांतला फरक पाहा, एसटी असेल तर प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. मार्केट मेकर कोण आणि त्याची तीन वर्षं कधी संपतात, ती तारीख लिहून ठेवा. माहितीपत्रकात सर्वसाधारण कामकाजासाठी ठेवलेली रक्कम आता इश्यूच्या १५ टक्के किंवा १० कोटी, यातली जी कमी असेल तिच्या वर जाऊ शकत नाही. त्याआधीच्या इश्यूंमध्ये ही मर्यादा सैल होती, तेव्हा जुन्या कंपन्यांत पैसे कुठे गेले ते निकालांसोबतच्या विनियोगाच्या तक्त्यात तपासा.

एसएमईवरची एखादी कंपनी मनापासून आवडली, पण लॉट झेपत नाही, अशा वाचकांसाठी माझी पसंती मधल्या वाटेला आहे. भांडवल १० कोटींच्या वर गेलं की कंपनी मुख्य बोर्डावर स्थलांतराचा विशेष ठराव मांडू शकते, आणि प्रवर्तक सोडून इतर भागधारकांची अनुकूल मतं प्रतिकूल मतांच्या निदान दुप्पट पडावी लागतात. हा ठराव बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतो. तोवर दोन्ही सहामाही ताळेबंद वाचून येणीचे दिवस एका वहीत मांडत राहा. स्थलांतरानंतर इंड-एएसप्रमाणे मांडलेला पहिला ताळेबंद येऊ द्या, जुन्या येण्यांवरची तरतूद किती झाली ते पाहा, आणि पहिला हप्ता त्यानंतर घ्या.