बुरशी काढणे आणि ओलीचे मूळ शोधणे: एक पावसाळा गेल्यानंतरचा अनुभव

घरातली बुरशी काढून ओलीचा कायमचा बंदोबस्त करण्याचे काम आम्ही गेल्या उन्हाळ्यात एका व्यावसायिक कंपनीकडून करून घेतले. आता संपूर्ण पावसाळा आणि त्यामागचा हिवाळाही उलटल्यावर हा अनुभव लिहीत आहे, कारण अशा कामाबद्दल काम संपल्याच्या आठवड्यात दिलेल्या मताला फारसा अर्थ नसतो. ताजा रंग दिलेली कोणतीही भिंत एप्रिलमध्ये कोरडीच दिसते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

आमची इमारत डोंबिवलीतली, चार मजली, नव्वदच्या दशकात बांधलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दोन्ही बेडरूमच्या बाहेरच्या भिंती पश्चिमेला येतात, त्यामुळे नैऋत्येकडून वाऱ्यासह येणाऱ्या पावसाचा सगळा मारा त्यांच्यावर बसतो. खिडकीखाली पोपडे, तुळईच्या खालच्या रेषेत लांबच लांब काळपट पट्टा, कपाटाच्या मागे हिरवट-काळी बुरशी आणि बाथरूमलगतच्या छताला तपकिरी डाग अशी अवस्था होती. सासूबाईंना दमा आहे आणि त्या ज्या खोलीत झोपतात तीच खोली सर्वांत ओली होती, हे काम हाती घेण्यामागचे खरे कारण. ओलसर, बुरशी आलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. बुरशीची सुरक्षित मर्यादा अशी कोणतीही संख्या न देता, घरात टिकून राहणारी ओल आणि बुरशीची वाढ रोखावी, असे तिचे सांगणे आहे. ही गोष्ट पुढे विक्री प्रतिनिधीशी बोलताना फार उपयोगी पडली.

या संपूर्ण कामात पैसे सर्वाधिक कुठे वसूल झाले असे कोणी विचारले, तर मी निःशंकपणे तपासणीचे नाव घेईन. आलेल्या अभियंत्याने आधी बुरशीकडे पाहिलेच नाही. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत नेली, जिथे आवाज बद्द आला तिथे गिलावा विटेपासून सुटला आहे म्हणून पेन्सिलीने गोल काढला, आणि मग हातभर अंतरावर आर्द्रतामापक टेकवत प्रत्येक ठिकाणचा आकडा भिंतीवरच लिहिला. तास-दीड तासाने भिंतीवर आकड्यांचा एक नकाशाच तयार झाला होता. जमिनीलगत आकडे कमी, खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत एकदम जास्त, मधला पट्टा बरा आणि तुळईच्या खाली पुन्हा जास्त. पाणी एका जागेवरून नव्हे, तर निदान दोन जागांवरून आत येते, हे त्या आकड्यांवरून आम्हालाही दिसले. हे आकडे सापेक्ष असतात आणि भिंतीला लोणा लागला असेल तर क्षारांमुळे मापक फसवे वाढीव आकडे दाखवतो, हेही त्याने न विचारता सांगितले. यंत्राची मर्यादा ग्राहकाला स्वतःहून सांगणारा माणूस विरळा.

तुळईखालच्या रेषेचे कारण साधे निघाले. काँक्रीटची तुळई आणि तिच्याखालची विटांची भिंत उन्हापावसात सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावत नाहीत. त्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला असेल तर तिथे बारीक आडवी भेग हमखास पडते आणि वाऱ्याच्या दाबाने पाऊस तिच्यातून आत शिरतो. खिडकीच्या बाबतीत दोन दोष होते: बाहेरच्या उंबऱ्याच्या लादीचा उतार बाहेरच्या ऐवजी आत होता आणि वरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी थेंबाथेंबाने सुटून पडावे म्हणून जी खाच असते ती कधीच भरून गेली होती, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून थेट भिंतीकडे येत होते.

छतावरच्या डागाची चौकशी मात्र अधिक रंगतदार झाली, अक्षरशः. वरच्या मजल्यावरच्या काकांची संमती घेऊन त्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते ते तोंड, बंद करण्यात आला आणि फरशीवर रंगीत पाणी साठवून रात्रभर ठेवले गेले. सकाळी आमच्या छतावर काहीच नाही. ट्रॅप उघडून तेच पाणी सोडले, तेव्हा काही वेळातच डागाच्या कडेला गुलाबी छटा उमटली. याचा अर्थ फरशी शाबूत होती आणि ट्रॅपचा किंवा त्याला जोडलेल्या नळाचा सांधा गळत होता. ही एक चाचणी झाली नसती तर वरच्या घराची संपूर्ण लादी उखडून कोबा नव्याने घालण्याचा घाट घातला गेला असता. दुसऱ्या एका ठेकेदाराने न तपासता नेमका तोच सल्ला दिला होता आणि त्याचे दरपत्रकही तयार होते.

खर्च कोणी करायचा यावर सोसायटीत थोडी चर्चा झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याने होणारी आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, तर संडास-बाथरूममधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा भार संबंधित सदनिकाधारकांवर येतो. त्यानुसार बाहेरची भिंत संस्थेने आणि ट्रॅप वरच्या घरमालकांनी दुरुस्त करून घेतला. कंपनीचा छायाचित्रांसह लेखी अहवाल सचिवांसमोर ठेवल्यामुळे प्रश्न वार्षिक सभेपर्यंत ताणला गेला नाही. तोंडी सांगण्यावर समाधान न मानता असा अहवाल आवर्जून मागावा.

बाहेरचे काम परांची न बांधता दोरावर लटकून काम करणाऱ्या माणसांनी केले. भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रुंद करून पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरणे, तुळईच्या सांध्यावर जाळी बसवून वर गिलावा करणे, छज्ज्याची खाच पुन्हा पाडणे, खिडकीच्या लादीला बाहेर उतार देणे आणि शेवटी ताणला जाणारा जलरोधक लेप, असा क्रम होता. आतून जलरोधक रसायन लावून काम भागवण्याचा प्रस्ताव अनेक जण देतात, कारण तो स्वस्त असतो आणि दोरावर माणूस चढवावा लागत नाही. पण पाणी बाहेरून येत असेल तर आतला लेप ते फक्त अडवतो. भिंत भिजलेलीच राहते आणि ओल शेजारच्या कोपऱ्यातून बाहेर पडते.

आतली बुरशी काढण्याचे काम त्यानंतर सुरू झाले, आणि तेही नेटके होते. खोलीच्या दाराला प्लास्टिकचा पडदा चिकटवला, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि कामगारांनी एन-९५ मास्क शेवटपर्यंत तोंडावर ठेवले. पुट्टी खरवडण्यापूर्वी भिंतीवर पाण्याचा बारीक फवारा मारत होते, जेणेकरून बीजाणूंची धूळ उडू नये. सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढला, घट्ट पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून पुसले आणि अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने खोली दोनदा साफ केली. कपाटाची प्लायवूडची पाठ आणि एक जुनी कापसाची गादी टाकून द्यावी लागली. सच्छिद्र वस्तूच्या आत शिरलेली बुरशी पुसून जात नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. गादी सासूबाईंच्या माहेरची असल्याने तिला निरोप देणे घरात फारसे सोपे गेले नाही, तो भाग वेगळा.

इथपर्यंत कौतुक. यानंतर बंद खोलीत जंतुनाशक धुराची फवारणी आणि हवेतील बीजाणूंची प्रयोगशाळेत मोजणी अशा दोन गोष्टी आग्रहाने पुढे करण्यात आल्या. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने तपासण्याची बहुतेक वेळा गरज नसते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे स्पष्ट मत आहे. मेलेली बुरशीसुद्धा काही जणांना ॲलर्जी देऊ शकते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, काढावीच लागते, हेही तीच संस्था सांगते. मोजणी आम्ही नाकारली. फवारणी मात्र पॅकेजचाच भाग असल्याचे सांगून देयकात ठेवण्यात आली. तिच्यामुळे घराला दोन दिवस रुग्णालयासारखा वास येत राहिला, याखेरीज कोणताही परिणाम मला जाणवलेला नाही. अशी कलमे वेगळी दाखवून वगळण्याची मुभा ग्राहकाला असायला हवी.

दुसरी कुरबुर घाईची. गिलावा झाल्यावर लगेच पुट्टी आणि रंग उरकून काम बंद करण्याकडे पर्यवेक्षकाचा कल होता. अभियंत्याने त्याला अडवले आणि मापकाचे आकडे कोरड्या आतल्या भिंतीच्या जवळ येईपर्यंत थांबायला लावले. एप्रिल आणि मे महिन्याचा बराचसा भाग ती खोली उघड्या गिलाव्यावर, पंखा चालू ठेवून तशीच राहिली. पाहुण्यांसमोर संकोच वाटे, पण मुंबई परिसरात पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते आणि त्याआधीचे कोरडे ऊन हेच भिंत सुकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. नंतर पीओपी न वापरता सिमेंटची पुट्टी आणि वर तैलरंगाऐवजी भिंतीतली वाफ बाहेर सोडणारा पाण्याचा रंग दिला.

आता निकाल. तुळईखालची रेषा संपूर्ण पावसाळ्यात कोरडी राहिली. जुलैतल्या सलग झडीनंतरही तिथे साधी छटा उमटली नाही. छतावरचा डाग परतला नाही. खोलीतला कुबट वास गेला, आणि सासूबाईंचा रात्रीचा खोकला पूर्वीपेक्षा कमी आहे. त्यांचे औषधही याच काळात बदलले असल्यामुळे त्याचे सगळे श्रेय भिंतीला देण्याची माझी तयारी नाही.

सप्टेंबरमध्ये मात्र खिडकीखाली तळहाताएवढा ओला डाग आला. हमी पाच वर्षांची असूनही अनेकदा फोन केल्यानंतर, गणपती विसर्जन होऊन गेल्यावर माणूस आला. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी जी छोटी भोके असतात ती कामाच्या वेळच्या सिमेंटने बुजली होती आणि पट्टीत साठलेले पाणी आत ओसंडत होते. तारेने भोके मोकळी केली, चौकटीचे सीलंट नव्याने भरले आणि डाग सुकला. दोष किरकोळ होता, पण तो त्यांच्याच कामगारांनी निर्माण केला होता आणि हे मान्य करून घेण्यासाठी मला जुनी छायाचित्रे काढून दाखवावी लागली. हमीपत्रही बारकाईने वाचावे. आमच्या पत्रात लेप दिलेल्या भिंतीला कोणीही छिद्र पाडले तर त्या भागाची हमी संपते, असे कलम आहे. एसीच्या बाहेरच्या यंत्राचा ब्रॅकेट किंवा डिश अँटेना बसवायला येणारा माणूस आधी विचारत नाही, म्हणून सोसायटीच्या सूचनाफलकावर तशी नोंद लावून घेतली.

गळती थांबली तरी हवेतली आर्द्रता थांबत नाही, आणि इथे कंपनीचा सल्ला अर्धवट होता. बुरशीला आवर घालायचा तर घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. आमच्या साध्या डिजिटल मापकावर जुलैत खिडक्या उघड्या असताना ती ८० च्या वर असे. कंपनीने सुचवलेला, हवेतली ओल काढून घेणारा डीह्युमिडिफायर खिडक्या बंद ठेवल्या तर चांगले काम करतो, टाकी रोज रिकामी करावी लागते, खोली थोडी गरम होते आणि वीजबिल वाढते. एसीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पावसाळ्यात या पट्ट्यात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सहसा २४ ते २५ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २० वर चालवला तर त्या खोलीच्या भिंतीची पॅसेजकडची बाजू इतकी गार होते की बाहेरची दमट हवा तिच्यावर घाम धरते. ऑगस्टमध्ये तिथे राखाडी ठिपके दिसले, ते गळतीचे नव्हते. एसी २६ वर ठेवल्यावर आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर ठिपके पुन्हा आले नाहीत. धुणे खोलीत वाळत घालणेही बंद केले, कारण एका वेळच्या धुण्यातून दोन-एक लिटर पाणी हवेत जाते.

आमच्या वाट्याचा खर्च लाखाच्या थोडा आत राहिला. त्यात गिलावा आणि रंगाचा वाटा सर्वांत मोठा, बुरशी काढण्याचा त्यानंतरचा आणि तपासणीचा सर्वांत लहान होता. वरच्या काकांनी ट्रॅपचा सांधा ओळखीच्या प्लंबरकडून बदलून घेतला आणि तो या कंपनीच्या दरापेक्षा बऱ्याच कमी पैशांत झाला. निदान हातात असले की प्रत्येक दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घेण्याची सक्ती नसते. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, भिंत प्रत्यक्ष ओली असताना करून घ्यावी आणि दुरुस्तीची तारीख डिसेंबर ते मार्च दरम्यानची मागावी. मे महिन्यात या लोकांकडे गर्दी असते आणि भिंत सुकायला वेळ उरत नाही.