दिवस भरण्याआधीच कळा: स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

कोल्हापुरात स्टेरॉइड म्हटलं की आधी तालीम आणि जिम आठवते, त्यामुळे ‘पोटुशीला हे कशाला?’ असं घरातलं कुणीतरी विचारतंच. दंड फुगवणारं औषध वेगळं. इथे आईला देतात ते डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि फुफ्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारं साबणासारखं द्रव्य, लवकर तयार व्हायला लागतं. ते नसेल तर श्वास सोडताना या पिशव्या आतून मिटून चिकटतात आणि बाळ कण्हत श्वास घेतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी हा उपाय १९७२ मध्ये मांडला.

घेणं आणि न घेणं यांची तुलना खरं तर आठवड्यांवर ठरते. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण समोर दिसत असेल, तर मला यात फारसा पेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन मिळालेल्या गटातली १९.६ टक्के बाळं पहिल्या महिन्यात दगावली, न मिळालेल्या गटातली २३.५ टक्के. आयांमध्ये जंतुसंसर्ग वाढला नाही. (‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’ हे ऐकून सोडून द्या, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो.)

३४ ते ३६ आठवड्यांत पारडं एवढं झुकत नाही. अमेरिकेतल्या २०१६ च्या चाचणीत श्वासाचा त्रास १४.४ वरून ११.६ टक्क्यांवर आला, पण बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं. जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन वेळोवेळी साखर बघणारं कुणी नसेल, तर या टप्प्यात मी घाई करणार नाही. आईला मधुमेह असेल तर तिचीही साखर काही दिवस चढते, तेव्हा इथे जास्तच सांभाळून.

दिवस चुकीचे मोजले तर काय होतं, हे आपल्या शेजारच्या बेळगावात दिसलं. बेळगाव, नागपूर आणि आणखी पाच देशांतल्या खेड्यापाड्यांत हे इंजेक्शन सरसकट पोचवण्याचा प्रयोग झाला. २०१५ च्या निष्कर्षांत एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेले निघाले, आयांमधला संसर्गही वाढला. इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी जणींची बाळं लहान नव्हतीच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी फाईलला लावून ठेवा. पाळीच्या आठवणीपेक्षा तिच्यावरचा आठवडा जास्त भरवशाचा.

मग गगनबावड्यात किंवा चंदगडला कळा सुरू झाल्या तर? तिथेच पहिला डोस की कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचल्यावर? केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २४ ते ३४ आठवड्यांत नर्सताईसुद्धा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकतात. तेव्हा दिवस पक्के असतील आणि ताप किंवा घाण वासाचं पाणी नसेल, तर तिथेच घ्या. मात्र डोस दिला म्हणून तिथेच थांबू नका, १०८ बोलवा. काचेची पेटी आणि ऑक्सिजन बाळाला लागू शकतो.

दोन औषधांत मी डोकं घालणार नाही. डेक्सामेथासोनचे बारा-बारा तासांनी चार डोस, बीटामेथासोनचे चोवीस तासांच्या अंतराने दोन. सरकारी दवाखान्यात बहुधा डेक्साच मिळेल. गुण सर्वांत चांगला दिसतो तो पहिल्या डोसनंतर एका दिवसापासून आठवडाभरात बाळंतपण झालं तर. कळा थांबून महिना गेला, तर पुन्हा द्यायचं का, हे तेव्हाचे आठवडे बघून डॉक्टरांना विचारा.