पांढऱ्या मुळ्या दाखवून मला गंडवलं

घेवडा तीन पानांवर असताना मधल्या चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या पट्ट्यातली झाडं पिवळी पडून खुरटली. औषध विकणाऱ्याने बांधावरूनच सांगितलं, "मूळकूज आहे." निदान बरोबर होतं, हे कबूल करतो. म्हणूनच तर मी फसलो.

बाटलीत काळपट, गुळचट वासाचं पाणी. वर शेंगांचं चित्र आणि 'कुजलेली मुळं पुन्हा जिवंत'. घटक, बॅच नंबर, मुदत काहीच नाही. बिल मागितलं तर "देतो की नंतर." मुळाशी ओतून आळवणी करा आणि लगेच खोडाला मातीची भर लावा, म्हणाला. मेख त्या भरीतच होती.

पंधरा दिवसांनी आला, एक झाड उपसून पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुपका दाखवला. मी खूश! दुसरी बाटलीही घेतली.

फुलोऱ्यात पावसाने उघडीप दिली आणि झाडांनी माना टाकल्या. तेव्हा कुठे मी एक झाड खुरप्याने मातीसकट काढून बादलीत धुतलं. सोटमूळ तांबूस-तपकिरी, उभं चिरलेलं, चिमटीत धरलं की साल हातात यायची. खाली तंतुमुळं नाहीतच. पांढऱ्या मुळ्या होत्या, पण सगळ्या कुजलेल्या भागाच्या वर, खोडाला, भरीच्या मातीत.

कडेच्या दोन ओळींना औषध पुरलं नव्हतं, भर मात्र लावली होती. तिथलंही पिवळं झाड काढलं. तसाच झुपका!

फ्युजेरियम या बुरशीच्या मूळकुजीत सोटमूळ गेलं की घेवडा स्वतःच वरून मुळ्या फोडतो. भर लावली, ओल मिळाली की त्या जोमाने फुटतात. म्हणजे भर लावणं चांगलंच. पण ते फुकट आहे. आणि या वरवरच्या मुळ्या खालच्या ओलीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे ताण पडला की झाड बसतं.

कुजलेलं मूळ परत आणणारं औषध नाही, हे कृषी अधिकाऱ्यांकडून उशिरा कळलं. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची किंवा बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करायची ती पेरणीआधी. रोगाच्या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून पिकांची फेरपालट मोठी हवी आणि चिबड जागेचा निचरा आधी काढायला हवा. तो चर मी आता खणतोय.

कुणी मुळ्या दाखवायला आलंच, तर झाड तुम्ही निवडा, तुम्हीच धुवा आणि मुळ्या कुठून फुटल्यात ते बघा. दोन ओळी बिनऔषधाच्या ठेवा. माझ्या चुकून राहिल्या म्हणून कळलं.

दुसरी बाटली अर्धी उरलीय. मुदतच छापलेली नाही, तेव्हा बाद तरी कधी होणार!