घर मुलांना द्यायचंय: मृत्युपत्र करावं की बक्षीसपत्र?

"दोनशे रुपयांत घर मुलाच्या नावावर होतं म्हणे, मग करूनच टाकू का?" साठी उलटली की हा प्रश्न घरात कधी ना कधी निघतोच. ऐकलेलं खोटं नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. (मुलगा हयात असेल तर सून या यादीत बसत नाही. भाऊ-पुतणेही नाहीत. शिवाय तुमच्या भागात वरचा अधिभार किती, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा.) पण बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मालकी देऊन टाकणारा कागद, शुल्क कमी आहे म्हणून उरकून टाकावा असा नाही.

मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. तोवर घर तुमचंच, विका नाहीतर भाड्याने द्या. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करा, कितीही वेळा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी तुमच्या समक्ष सही करायला हवी. साक्षीदार तुमच्याहून वयाने बरेच लहान निवडा. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते असायला हवेत. ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. ऐंशीच्या पुढचं वय असेल तर त्याच दिवशीच्या तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणीही करून ठेवा, खर्च किरकोळ आहे, आणि चालता येत नसेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊ शकतात.

मृत्युपत्राची दुबळी बाजू एकच, पण मोठी. वाद निघतो तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता. "बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं" असं एका भावंडाने म्हटलं की बाकीच्यांची काही वर्षं त्यात जातात.

बक्षीसपत्रात हे टळतं, कारण व्यवहार तुमच्या डोळ्यांदेखत पुरा होतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते तुमच्या हयातीत स्वीकारावं लागतं. त्यानंतर ते मर्जीने मागे घेता येत नाही. मुलाने घर गहाण ठेवलं, धंद्यात बुडाला, तर बँकेची नोटीस तुम्ही राहता त्याच दारावर लागते.

आणि एक शक्यता कुणी बोलून दाखवत नाही: मुलगा आधी गेला तर? हिंदू उत्तराधिकार कायद्यात त्याच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत. म्हणजे वडिलांनी स्वकमाईचं घर मुलाला बक्षीस दिलं आणि तो मृत्युपत्र न करता, बायको-मुलं मागे ठेवून गेला, तर त्या घरात वडिलांचा वारसा म्हणून एक वीटसुद्धा नसते. मी हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. कायदा उघडून बघा.

"पण मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होतं ना?" होतं, पण आपोआप नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मात्र देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती, हे दिसायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ही अट दिसलीच पाहिजे असं सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलं, पण त्या प्रकरणातही सांभाळण्याचं लेखी वचन होतं. माझ्या आत्याच्या बक्षीसपत्रात "नैसर्गिक प्रेम व मायेपोटी" एवढंच होतं, नेहमीचा छापील मजकूर. अटीचं वाक्य लिहून घ्यायचं तिला कुणी सुचवलं नाही, आणि सुचवलं असतं तर तिलाच ते मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं. पुढे दोन वर्षं ती लेकीकडे राहिली.

तेव्हा बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर त्यात असं काही असू द्या: "लिहून देणार यांस व त्यांच्या पत्नीस सदर सदनिकेत तहहयात राहण्याचा हक्क राहील, त्यांचा औषधोपचार व देखभाल लिहून घेणार करतील, कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मागण्याचा हक्क लिहून देणार यांस राहील." शब्द वकिलाला तपासू द्या, पण आशय सोडू नका.

सोसायटीत नॉमिनी नेमलाय म्हणून निर्धास्त असाल, तर नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. बँकेतही तसंच, 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात, ही सोय चांगली, पण मृत्युपत्राची जागा ती घेत नाही.

दोन्ही कागदांना न सुटणारा भाग म्हणजे मधली वर्षं, विशेषतः स्मृतिभ्रंशाची. इथे लोक कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी) विसंबतात. आपल्याकडे ते देणाऱ्याची बुद्धी स्थिर असेपर्यंतच चालतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते संपतं. मग अशा माणसाचा कायदेशीर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून रोजच्या खर्चाचं खातं विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त, "दोघांपैकी कोणीही" अशा पद्धतीचं, आजच करून ठेवा.

माझं मत विचाराल तर एकुलतं एक घर असलेल्याने नोंदणी केलेलं मृत्युपत्रच करावं. बक्षीसपत्राकडे मी दोन वेळा वळेन: राहायला दुसरी जागा आहे तेव्हा, किंवा एक मूल खरोखर सेवा करतंय आणि बाकीचे पुढे त्याला कोर्टात खेचतील हे स्पष्ट दिसतंय तेव्हा, आणि तेही वरच्या अटीसह. हे सगळं हिंदू कुटुंब आणि स्वकष्टार्जित घर धरून लिहिलंय. वडिलोपार्जित मालमत्तेत मृत्युपत्राने फक्त आपल्या वाट्यापुरतं लिहिता येतं. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, तिथे हिशेब वेगळा.

मृत्युपत्राची मूळ प्रत फक्त तुमच्या नावाच्या, नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो लॉकर उघडायला बँक वारसाचे कागद मागते, आणि कागद आत असतात.